आजचा लाल कोणता?

मंडळी, मराठीत लाल रंगाच्या छटांना किती नावं आहेत बघा. डाळिंबी, विटकरी, तांबूस, लालचुटूक, लालभडक... रागावलेला माणूस लालबुंद होतो, लाजलेली मुलगी लाजून लाल होते. रंग आणि मनःस्थिती यांची जोडी आपल्या भाषेने केव्हाच लावून ठेवली आहे.

हे सुचायचं कारण म्हणजे नातीने पुण्याहून आणलेल्या तीन लिपस्टिक. तिन्ही लाल! वर सल्ला, "आजी, रोज मूड बघून लाव." सत्तरी ओलांडलेल्या, अंबाजोगाईत सगळी नोकरी केलेल्या बाईला हा सल्ला! आधी हसू आलं, मग विचारात पडले.

आमच्या लहानपणी ओठ रंगायचे ते विड्याने. कातात चुना मिसळला की लाली चढते. लिपस्टिक म्हणजे सिनेमातल्या बायकांचं काम. खरं तर टाटांनी १९५२ मध्येच 'लॅक्मे' सुरू केली होती. हे नाव एका फ्रेंच संगीतिकेचं, आणि ते आपल्या 'लक्ष्मी'वरूनच आलेलं. ज्याला आम्ही परदेशी थेर म्हणत होतो, त्याच्या डबीवर आपली लक्ष्मीच होती म्हणायची!

आम्हा बायकांचा खरा लाल मात्र कुंकवाचा. पण कुंकवाला मूड नसतो. आनंदात असा, भांडून बसलेल्या असा, ठसठशीत तेच. आणि नवरा गेला की तेही जातं. हे गेले तेव्हा कपाळावर काय ठेवायचं, काय पुसायचं, ते चार जणींनी ठरवलं. मला कुणी विचारलं नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनेही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा, असं परिपत्रक काढलं. ती बातमी मी दोनदा वाचली आणि दुसऱ्या दिवशी टिकली लावली.

आमची योगेश्वरी तर कुमारिका. परळीच्या वैजनाथाशी ठरलेलं लग्न मुहूर्त टळल्यामुळे राहिलंच, अशी कथा आहे. तरी तिला आपण कुंकू वाहतोच ना? मग लाल रंग नवऱ्याच्या नावावर कुणी आणि कधी केला?

म्हणून मला नातीचं म्हणणं पटलं. लिपस्टिक हा असा लाल आहे जो बाई सकाळी स्वतः निवडते आणि संध्याकाळी स्वतःच पुसते. मधे कुणी नाही.

आता माझी वाटणी अशी. विटकरी रोजची, मन शांत असेल त्या दिवसाची. डाळिंबी नोव्हेंबरात, बँकेत हयातीचा दाखला द्यायला जाताना. आपण हयात आहोत हे कागदाआधी तोंडावर दिसावं!

तिसरी लालभडक. ती संक्रांतीच्या हळदीकुंकवासाठी राखून ठेवली आहे. काही घरांतून मला अजून बोलावणं येत नाही. म्हणून यंदा हळदीकुंकू माझ्याच घरी करणार आहे, आणि आळीतल्या सगळ्या जणींना बोलावणार आहे. सगळ्या म्हणजे सगळ्या.