म्युनिकमधले तीन सेकंद

म्युनिकला जाऊन राजवाडे पाहायचे सोडून मी एक कुलूपबंद क्रीडागृह पाहून आलो, यावर आमच्या घरी अजून हसू होते. भाचा तिकडे नोकरीला. वेस्टपार्क बागेच्या कडेला मला नेऊन तो म्हणाला, "मामा, हेच ते!" इमारतीवर आता एका मोटारकंपनीचे नाव आहे. बाहेरच पायऱ्यांवर बसून मी त्याला १९७२ ची हकीकत सांगितली.

ऑलिंपिकमधल्या बास्केटबॉलचा अंतिम सामना. अमेरिका विरुद्ध सोव्हिएत युनियन. ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला सुरू झालेला. ऑलिंपिकमध्ये तोवर अमेरिका ६३ सामने खेळली होती आणि एकही हरली नव्हती. अखेरचे तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सला धक्का लागून तो कोसळला. पंचांनी फाउल दिला. कॉलिन्सने उठून दोन्ही फ्री थ्रो घातले. अमेरिका ५०, सोव्हिएत ४९! पण दुसऱ्या फेकीच्या वेळीच गुणलेखकांच्या टेबलावरचा भोंगा वाजला. सोव्हिएत प्रशिक्षकांचे म्हणणे, आम्ही टाइम-आउट मागितला होता, तो दिलाच नाही. एक सेकंद उरला असताना खेळ थांबला. तेव्हा आंतरराष्ट्रीय संघटनेचे सरचिटणीस विल्यम जोन्स खाली उतरले आणि घड्याळ तीन सेकंदांवर न्या म्हणाले. नियमाने त्यांना हा अधिकार नव्हता. घड्याळ नीट लावण्याआधीच खेळ सुरू झाला, भोंगा झाला, अमेरिकन नाचू लागले. तर पुन्हा तीन सेकंद! आता येदेश्कोने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला. अलेक्झांडर बेलोव्हने दोघा अमेरिकनांमधून तो झेलून बास्केटमध्ये टाकला. ते दोघे ढकलले गेले, की त्यांचा तोल गेला? शिट्टी वाजली नाही. ५१-५०.

ब्राझीलचे पंच रिगेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही. अपील तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळले गेले. अमेरिकन संघाने रौप्यपदके नाकारली; कर्णधार केनी डेव्हिसने तर बायकामुलांनीही आपले पदक घेऊ नये, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले.

मला जोन्सचा राग यायला हवा. पण तो पुरता येत नाही. एका कॉलेजात असताना बक्षिसाची यादी फलकावर लागल्यावर मला एका मुलीच्या पेपराच्या बेरजेत पाच गुण सुटलेले दिसले. दुरुस्तीचा अधिकार माझा नव्हता. तरी मी लाल शाई चालवली. बेरीज बरोबरच होती हो! पण यादीत आधी पहिली असलेली मुलगी स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. हातात पेढ्यांचा पुडा. काही बोलली नाही. पुडा टेबलावर ठेवून निघून गेली.

भाच्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, त्या रात्री जोन्सच्या जागी तुम्ही असता तर?"

मी पायऱ्यांवरून उठलो. म्हटले, "चल, तुझी मामी जेवायची थांबली असेल."