राक्षसांना घुमट कोणी दिलं?

काही वर्षांपूर्वी गावातल्या मुलांच्या मे महिन्यातल्या नाटुकल्याला संगीत द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. गोष्ट साधीच. नकाशात नसलेलं एक बेट, किनाऱ्यावर गलबतवाले, डोंगरात राक्षस आणि शेवटी दोघांचा समेट. पेटी वाजवता येते एवढ्या भांडवलावर मी 'हो' म्हणून बसलो.

नसलेल्या जगाचं संगीत कसं करतात? माझ्यापुढे धडा होता हॉवर्ड शोरचा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही चित्रपट (२००१ ते २००३) मी डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिले आहेत. या माणसाने तिथल्या एकेका लोकांना स्वतःचा आवाज दिला. हॉबिटांच्या गावाला साधी व्हिसल आणि फिडल. घोडेस्वारांच्या रोहनला नॉर्वेचं हार्डँगर फिडल, ज्याच्या मुख्य तारांखाली आपल्या सारंगीच्या तरफांसारख्या तारा झंकारतात. खाणीतल्या बुटक्यांना पुरुषांचा खर्जातला समूहस्वर, तोही टोल्किनने त्यांच्यासाठी रचलेल्या भाषेत! पडद्यावर कोणी दिसायच्या आधीच आपण कुठल्या मुलखात आलो ते कानांना कळतं.

मीही तेच करायला गेलो. गलबतवाल्यांना पेटी आणि बासरी. राक्षसांना घुमट. डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत काढलेला तो मातीचा आवाज अंधारात असा घुमला की पहिल्या तालमीला लहान पोरं खरंच घाबरली. मी खूश!

घुमट वाजवायला गावातलेच एक आजोबा होते. चवथीच्या आरत्यांना त्यांच्याशिवाय रंग भरत नाही. तालीम संपल्यावर घुमट पुसता पुसता ते म्हणाले, "आमचें घुमट तुवें राकेसांक कित्याक दिलें रे? गणपतीमुखार वाजता न्हय तें?"

आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते जास्त लागलं.

रात्री घरी येऊन शोरचं संगीत पुन्हा ऐकलं. लोथलोरियनच्या एल्फ लोकांना त्याने सारंगी दिली आहे. ती ऐकताना दरवेळी माझी कॉलर ताठ व्हायची. पण दुष्टांच्या मॉर्डोरला काय दिलंय? रायटा! उत्तर आफ्रिकेतलं, आपल्या सनईच्या कुळातलं वाद्य. तिकडे ते लग्नात वाजतं. आपल्या देवळातल्या सनई-चौघड्याची ही चुलत बहीण अंधाराच्या राज्यात जाऊन बसली, आणि मोरोक्कोतल्या एखाद्या वाजवणाऱ्याला ते ऐकून काय वाटत असेल, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नव्हता.

जग कल्पनेतलं असतं, वाद्यं मात्र कल्पनेतली नसतात. ती कोणाच्या तरी घरातूनच आणावी लागतात. शोरने दूरच्या घरांतून आणली. मी माझ्याच घरातून आणली, तीही कशी, तर युरोपातून आलेली पेटी सज्जनांना आणि इथल्या मातीचं घुमट राक्षसांना! २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. असो.

दुसऱ्या दिवशी सगळं मोडलं. मग भीती कुठून आणायची? उत्तर पुन्हा शोरकडेच मिळालं. त्याच्या आयझेनगार्डची धडकी लोखंडाच्या ठोक्यांत आहे, आणि त्याहून जास्त पाच मात्रांच्या चालीत आहे. चार मात्रांना सरावलेलं आपलं पाऊल तिथे अडखळतं. मी तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे आणले आणि पोरांना पाच मात्रा मोजायला शिकवल्या. राक्षस आले की डबे. डब्यांना कोणाचा देव नसतो.

घुमट मात्र मी कुठल्याच बाजूला दिलं नाही. ते बेटाला दिलं. किनाऱ्यावर प्रवेश असो वा डोंगरात, खालून घुमट चालूच. दोघांच्याही पायांखालची माती एकच, एवढं त्यातून कळलं तरी पुष्कळ.

प्रयोगाच्या दिवशी समेटाच्या प्रवेशात आजोबांनी ठरल्यापेक्षा बराच जास्त वेळ घुमट वाजवलं. मुलं रंगमंचावर ताटकळत उभी होती. मी थांबवलं नाही.