भूकंपाच्या आधीपासून

माझं माहेर सास्तूरकडचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी मुलगी होते. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. विसर्जन करून दमून आलेली माणसं गाढ झोपेत होती. त्या पहाटेबद्दल लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादच्या माणसांनी पुष्कळ सांगितलं आहे. मला सांगायचं आहे ते नंतरच्या पत्र्याच्या शेडांबद्दल. घरं गेलेली कुटुंबं त्या शेडांत राहायला गेली, त्यात आमचंही. पाऊस आला की पत्र्याचा आवाज माझ्या दातांत शिरायचा. मी कानांवर उशी दाबून कोपऱ्यात मागं-पुढं डुलत बसायचे. शेजारच्या बायका आईला म्हणायच्या, "पोरीनं धसका घेतलाय गं."

धसका सगळ्यांनीच घेतला होता, त्यामुळं ते कुणाला खोटं वाटायचं कारणच नव्हतं. पुढं माझ्या प्रत्येक वेगळ्या वागण्याला तेच कारण लागलं. नव्या माणसासमोर वाचा जायची, तो धसका. वरणाचा ओघळ भाजीला लागला की ताट तसंच सोडून उठायचे, तोही धसकाच. शाळेला जायची वाट बदलली की दिवसभर पोटात गोळा राहायचा, त्यालाही तेच नाव. वास्तविक आईच सांगायची की रांगत्या वयात मला कुणी कडेवर घेतलं की मी अंग ताठ करून निसटायचे, आणि जरीचा काठ टोचला की निळी पडेपर्यंत रडायचे. पण एवढ्या मोठ्या संकटातून उठणाऱ्या गावाला एका पोरीचं आधीचं वागणं आठवत बसायला उसंत कुठली?

चाळिशी ओलांडल्यावर मला कळलं की मी ऑटिस्टिक आहे. मराठीत त्याला स्वमग्नता म्हणतात. ती जन्मापासूनची असते. मोठेपणी होत नाही, आणि मोठेपणी जातही नाही.

कळलं ते भाच्यामुळं. तो उशिरापर्यंत बोलेना, म्हणून भाऊ-वहिनी त्याला सोलापूरला दाखवायला निघाले. सोबत म्हणून मी गेले. डॉक्टरीणबाई वहिनीला एकेक विचारत होत्या: खेळणी ओळीनं लावतो का? ठराविक कपडाच लागतो का? मिक्सर लावला की पळतो का? वहिनी आठवून आठवून उत्तरं देत होती आणि माझ्या मनात प्रत्येक प्रश्नाला माझं स्वतःचं उत्तर तयार होतं. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणी असं आहे का? वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. तिच्या त्या बघण्यात आरोप नव्हता, सुटका होती.

कारण तोवर सगळा दोष तिच्या माथी आला होता. मोबाइल दिला म्हणून पोरगं असं झालं, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून झालं, तिचं लक्षच नव्हतं म्हणून झालं. हा दोष नुसता आपल्याच गावांत दिला जातो असं नाही. अमेरिकेत ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ साली अख्खं पुस्तक लिहून थंड स्वभावाच्या आईबापांवर खापर फोडलं आणि कितीतरी आयांनी ते ऐकून घेतलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास केला, तेव्हा यात आनुवंशिकतेचा मोठा भाग आहे हे दिसून आलं. आमच्या घरात तो भाग वहिनीच्या बाजूनं आला नव्हता, बहुधा आमच्याच बाजूनं आला होता. मी हे भावकीत मोठ्यानं सांगितलं. वहिनीला कुणीतरी सांगणारं हवं होतं.

माझी स्वतःची तपासणी मात्र सहज झाली नाही. पहिल्या ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञांनी पाचेक मिनिटांत निकाल दिला: "तुमचं लग्न झालंय, मुलं आहेत, समोर बसून नीट बोलताय. तुम्हाला कसला ऑटिझम?" आणि डिप्रेशनच्या गोळ्या लिहून दिल्या, ज्या मी त्याआधीही वर्षानुवर्षं घेतल्या होत्या. पुढं पुण्याला सविस्तर तपासणी झाली. तिथं त्यांना माझ्या आजच्या वागण्यापेक्षा माझ्या लहानपणाची माहिती जास्त हवी होती. आईला फोनवर घेतलं. ती कडेवरून निसटण्याचं, जरीच्या काठाचं बोलू लागली. तिकडून विचारलं, हे भूकंपाच्या आधीचं की नंतरचं? आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधीचं. समदं आधीचंच की हो."

मला सगळ्यात जास्त लिहावंसं वाटतं ते पुढच्या गोष्टीबद्दल. स्वमग्न माणूस डोळ्याला डोळा देत नाही, कमी बोलतो, एकाच कामात गुंतून राहतो, अशी लक्षणं सांगतात. आता आमच्या भागातली नवी सून डोळ्यासमोर आणा. मान खाली, विचारलं तरच बोलणार, दिवसभर एका कामाला जुंपलेली. मला बघायला आलेल्या मंडळींनी माझी खाली गेलेली नजर पाहिली आणि म्हणाली, "मुलगी मर्यादेची आहे." ज्या गोष्टीवरून दुसरीकडं कुणी डॉक्टरकडं नेलं असतं, तिच्यावरून माझं लग्न जमलं. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली स्वमग्नतेवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला, त्यातल्या अकरा मुलांत मुली तीनच होत्या. तेव्हापासून हा मुलग्यांचाच विषय समजला गेला. आता अभ्यासक म्हणतात की मुली कमी नसतात तेवढ्या त्या निसटतात. आपल्याकडं त्या का निसटतात याचं एक कारण मी स्वतः जगले आहे.

मर्यादा पहिल्या वर्षापुरती चालते. मग सुनेनं आल्यागेल्याशी हसून बोलावं, हळदीकुंकवाला चार घरी बसावं, अशी अपेक्षा सुरू होते. मी थोरल्या जावेकडं बघून सगळं शिकले. ती "या, बसा" म्हणताना पदर कसा सावरते, चौकशी कुणापासून सुरू करते, दुसऱ्याचं बोलणं संपायच्या किती आधी "हो ना बाई" म्हणते, ते पाठ केलं. फोन करायचा तर आधी मनात दोन्ही बाजूंचं बोलणं घोळवून घ्यायचं. याला अभ्यासक मास्किंग म्हणतात, आणि मोठ्या माणसांत स्वमग्नता दिसत नाही याचं ते मोठं कारण आहे. समोरच्याला सगळं सुरळीत दिसतं. त्यासाठी आत किती खर्च होतो ते दिसत नाही.

तो खर्च घरी आल्यावर कळतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाहून परतले की माझं बोलणं बंद पडायचं. अगदी शब्दशः. प्रश्न ऐकू यायचा, उत्तर माहीत असायचं, पण ते तोंडापर्यंत पोचायचं नाही. अंधाऱ्या खोलीत गोधडी डोक्यावरून घेऊन पडलं की काही तासांनी वाचा परत यायची. घरात सगळे म्हणायचे, रुसली. कुणावर, कशावर, याची मग चर्चा व्हायची. मला कुणाचाही राग आलेला नसायचा, आणि ते सांगायलाच शब्द नसायचे.

सासर भूम तालुक्यातलं. या बाजूला गावोगाव खव्याच्या भट्ट्या आहेत, कुंथलगिरीचा पेढा यातूनच नावाला आला. आमच्या भट्टीवर मी लग्नानंतर लगेच उभी राहिले आणि तिथं मला कुणी शिकवावं लागलं नाही. म्हशीचं पाचेक लिटर दूध आटलं की किलोच्या आसपास खवा पडतो. त्यात शेवटची काही मिनिटं सगळं ठरवतात. पाणी असेतो कढईत खदखद असते, मग तिचं फदफद होतं, मग कडा सुटताना एक कोरडा, खरबरीत आवाज येतो. तो आला की लगेच कढई उतरवायची. मला तो पाठमोरी असतानाही कळतो. आलेल्या कॅनमधलं कुठलं दूध नासण्याच्या वाटेवर आहे ते झाकण उघडताच सांगते.

पण त्याच भट्टीवर उन्हाळ्यात मला तहान कळत नाही. ओठ फुटतात, डोकं ठणकतं, आणि दुपारी कुणीतरी तांब्या हातात दिला की समजतं की सकाळपासून पाणी प्यायले नाही. पोळलेला हात रात्री दिसतो. ब्लाउजच्या मागची पट्टी मात्र सहन होत नाही, ती उसवूनच घालते. काही संवेदना फार तीव्र आणि काही जवळजवळ नाहीतच, हे एकाच अंगात असतं. स्वमग्न माणसाला सगळेच आवाज नको असतात हाही गैरसमज आहे. तुळजापूरला देवळात संबळ अगदी कानाशी वाजत असतो आणि मी तिथं तासभर शांत बसू शकते, कारण त्याचा ठेका ठरलेला आहे, पुढचा ठोका कधी पडणार ते मला माहीत असतं. शेजारी कुणी कॅरीबॅग चुरगाळायला लागलं तर उठावं लागतं.

सगळ्यात दुखावणारा समज म्हणजे आम्हाला माया नसते हा. वडील गेले तेव्हा बायका गळ्यात पडून रडत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मी वडिलांच्या औषधांची पिशवी आवरली, लांबून आलेल्यांना पाणी दिलं, आईच्या बीपीची गोळी वेळेवर दिली. "दगडाच्या काळजाची आहे," हे मला ऐकू जाईल असं बोललं गेलं. काही महिन्यांनी भूमच्या एसटी स्टँडवर शेजारच्या बाकावर एका म्हाताऱ्यानं तंबाखू मळली. वडील मळायचे त्याच वासाची. मी तिथंच कोसळले. अनोळखी बायकांनी धरून बसवलं. भावना असते, भरभरून असते, पण ती कोणती आहे हे स्वतःलाच उशिरा उमगतं. स्वमग्न माणसांपैकी जवळजवळ निम्म्यांना हा त्रास असतो असं अभ्यास सांगतात. ब्रिटनचे डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की न समजणं एका बाजूनं नसतं: आम्हाला इतर उमगत नाहीत तसे इतरांनाही आम्ही उमगत नाही. वडील गेले त्या दिवशी ओसरीवर हेच चाललं होतं. मी आईच्या गोळीची वेळ सांभाळत होते, ते माझं रडणंच होतं.

लोकांनी 'रेन मॅन' नाहीतर 'माय नेम इज खान' पाहिलेला असतो, मग विचारतात, तुम्हाला तारखा, आकडे पाठ असतील ना? बहुतेक स्वमग्न माणसांना अशी अचाट शक्ती नसते. मला गणित कधीच जमलं नाही, भट्टीचा हिशेब जाऊ ठेवते. या विषयात मला खरं धीर देणारं माणूस सिनेमातलं नाही. कॅनर यांच्या लेखातला पहिला मुलगा, डोनाल्ड ट्रिपलेट, लहानपणी एका शेतकरी जोडप्याकडं राहिला. त्याला मोजण्याचा नाद होता. त्यांनी तो मोडायचा प्रयत्न केला नाही. नांगरताना त्याला मक्याच्या ओळी मोजू दिल्या. हा डोनाल्ड पुढं मिसिसिपीतल्या आपल्या छोट्या गावी बँकेत कामाला लागला, गाडी चालवू लागला, गोल्फ खेळला, देशोदेशी एकटा हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. त्याचा ऑटिझम गेला नव्हता. गावानं त्याला सामावून घेतलं होतं.

भाच्याचं दिव्यांग प्रमाणपत्र झालं आहे. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात स्वमग्नतेचा उल्लेखच नव्हता. २०१६ च्या कायद्यानं एकवीस प्रकार धरले, त्यात ती आली. मी माझ्यासाठी अर्ज केलेला नाही. मला हवं होतं ते घरातच मिळालं: सणाला पाहुणे आले की भट्टीचं काम माझ्याकडं, ओसरी जावेकडं. कुणी विचारलं तर सासूबाई म्हणतात, "तिला इथं बोलवू नका, ती तिथंच बरी असती." पूर्वी हेच वाक्य त्या तक्रार म्हणून म्हणायच्या.

वहिनीचा फोन बहुतेक रोज येतो. भाचा का ओरडला, का जेवला नाही, आवाजानं की वासानं, हे आम्ही दोघी मिळून शोधतो. परवा तिनं घाबरत विचारलं, "वन्सं, याचं लग्न होईल का हो?" मी म्हटलं, "तो मोठा झाला की त्यालाच विचार. आडून विचारू नको, सरळ विचार, आणि उत्तर द्यायला त्याला वेळ दे."