कूस बदलणारे हात

नर्मदेच्या उत्तर तीरावरील नेमावरात आम्ही राहतो. येथून अत्यवस्थ रोगी इंदूरला न्यावयाचा म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरांची वाट. निघताना डॉक्टर कोण, याची आम्ही चौकशी करतो. रात्री रोग्याच्या उशाशी कोण जागेल, हे मात्र विचारीत नाही.

त्या जागणाऱ्या हातांची थोरवी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात दिसून आली. तेथील तरुण परिचारिका अरुणा शानबाग १९७३ साली रुग्णालयातच झालेल्या निर्घृण हल्ल्यामुळे कायमची अंथरुणास खिळली. बरी होण्याची आशा नव्हती. तरीही परिचारिकांनी तिला भरविले, न्हाऊ घातले, तिची कूस बदलली. २०१५ साली तिचे देहावसान होईपर्यंत सुमारे ४२ वर्षे हा क्रम चालला. जुन्या निवृत्त झाल्या. तिला धडधाकट कधीच न पाहिलेल्या नव्या आल्या. सेवेत खंड पडला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानेही या सेवेचा गौरव केला. इतकी वर्षे पडून राहूनही तिच्या अंगावर शय्याव्रण नव्हते!

एकाच अंगावर दाब राहिला की तेथील रक्तप्रवाह खुंटतो व कातडी चिघळते. म्हणून साधारणतः दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. औषध महाग नाही. जागरण मात्र महाग आहे.

वाचकहो, पक्षाघाताने पडलेले वडीलधारे आपल्याही घरांत असतात आणि हे जागरण बहुधा एकट्या सुनेच्या वाट्यास येते. रात्रीची एक पाळी मुलाने, एक नातवाने का घेऊ नये?