पिंपातले मासे आणि वजूचं पाणी

गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट जिवंत पिल्लं देते. एका वेळी वीस-तीस, कधी त्याहून जास्त. पिल्लू सहा-सात मिलिमीटरचं असतं, दोन डोळे आणि मागे एक रेघ. त्याला पहिला धोका असतो आईचाच, कारण समोर हललेलं काहीही ती गिळते. म्हणून पिल्लं वेगळी करावी लागतात आणि त्यासाठी भांडं लागतं.

आमच्या उर्दू शाळेत ही भांडी मुलांच्या घरून आली. आइस्क्रीमचे चार लिटरचे डबे, शादीतल्या बिर्याणीचे डबे, तेलाचे आडवे कापलेले कॅन. नियम मी दोनच घातले. फिनेल, साबण किंवा रंगाचा डबा आणायचा नाही. आणि डबा उंच नको, पसरट हवा. पाण्यात हवा वरच्या पृष्ठभागातून मिसळते, त्यामुळे उंच बरणीपेक्षा पसरट डब्यात पिल्लं जास्त जगतात. मादी विण्याच्या बेतात आली की तिला भाजीच्या प्लास्टिकच्या जाळीत ठेवून ती जाळी मोठ्या टबात अडकवायची. पिल्लं भोकांतून खाली निसटतात, आई वरच राहते. खायला उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक, मलमलच्या कापडात बांधून चिमूटभर पिळलेला. जास्त पडला तर पाणी नासतं. रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं, तेही आदल्या दिवशी उघडं भरून ठेवलेलं, म्हणजे नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो.

(मराठीच्या तासाला एकानं विचारलं, ‘गप्प राहतो म्हणून गप्पी का, सर?’ व्युत्पत्ती सुंदर आहे, पण खरी नाही. 1866 मध्ये त्रिनिदादहून हे मासे लंडनला पाठवणाऱ्या गप्पी नावाच्या गृहस्थांवरून हे नाव पडलं.)

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर डेंग्यूसाठी. सोलापुरात पाणी रोज येत नाही. जिथं पाणी साठवावं लागतं तिथं पिंप असतं, आणि पिंप असतं तिथं एडिस डास. त्याला गटार नको, स्वच्छ साठलेलं पाणीच लागतं. गेल्या पावसाळ्यात माझ्या वर्गातली एक मुलगी प्लेटलेट घसरल्यानं दवाखान्यात होती. तिचे वालिद रिक्षा चालवतात. तिला भेटून परतताना तिच्या दारातल्या पिंपात मी डोकावलो, तर वळवळणाऱ्या अळ्या साध्या डोळ्यांना दिसत होत्या.

पिल्लं दोन-अडीच महिन्यांची झाल्यावर आम्ही मोहल्ल्यात वाटायला निघालो. पहिल्याच दारात एका खालांनी अडवलं, “सर, मछली उसमेंच मूतेगी ना? फिर वजू कैसा करना?”

मला हा सवाल आवडला. पाण्याच्या पाकीची एवढी काळजी असणाऱ्या बाईला अळ्यांबद्दल समजावणं सोपं असतं. हनफी फिकहमध्ये मसला साफ आहे: पाण्यातच जगणारा जीव पाण्यात मेला तरी पाणी नापाक होत नाही. शिवाय मुंबईच्या जामा मशिदीतला जुना हौज आहेच, त्याच्या पाण्यात मासे असतात आणि नमाजी तिथंच वजू करत आले आहेत. हे सांगितल्यावर खालांनी दोनाऐवजी चार मासे मागितले.

पण मी त्यांना एकही दिला नाही. त्यांचं पिंप चार-पाच दिवसांत रिकामं होतं आणि त्यातलं पाणी पिण्यासाठीही घेतात. अशा पिंपाला मासा नको, घट्ट झाकण आणि आठवड्याला घासणी हवी. घासणी यासाठी की एडिसची अंडी पिंपाच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन् महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून दिल्यानं ती जात नाहीत. मासे द्यायचे ते कायम भरलेल्या सिमेंटच्या टाक्यांना, मशिदीच्या हौजाला, वापरात नसलेल्या आडाला. तलावात किंवा ओढ्यात मात्र हरगिज सोडायचे नाहीत, तिथल्या देशी माशांच्या मुळावर ते उठतात. मासे वाटताना फोटो छान येतात, पिंप घासताना येत नाहीत. म्हणून की काय, मोहिमांमध्ये दुसरं काम मागे पडतं.

ती मुलगी आता बरी आहे. दर जुम्याला सकाळी ती शेजारच्या सात घरांची पिंपं बघते आणि वहीत उर्दूत लिहिते: साफ, साफ, कीड़े. ज्या घरापुढे ‘कीड़े’ येतं तिथं घासणी घेऊन ती स्वतःच उभी राहते. तिला मासे हवे होते. तिच्या बाकाजवळच्या खिडकीत बिर्याणीचा एक डबा ठेवलाय. त्यात अकरा पिल्लं आहेत आणि दोघांच्या शेपटीवर नारिंगी रंग यायला लागलाय.