विसार

8 जानेवारी, एकलहरे
नवी कॅरव्हॅन परवडत नाही. जुनी बघायची. सौ.ची अट एकच, आत संडास हवा. "हायवेला तुमचं कुठंही भागतं." यावर बोलायला काही नव्हतं.

11 जानेवारी
नाशिकच्या द्वारका चौकाजवळचा डीलर. टेम्पो ट्रॅव्हलर, 2014 ची. पलंग, बेसिन, टीव्ही, छताला निळे दिवे. बहुतेक खर्च दिव्यांवरच झालेला. बोनेटला हात लावला तर गरम. फोनवर बजावलं होतं, गाडी थंड ठेवा, पहिला स्टार्ट मी मारणार. "सकाळी धुवायला काढली होती साहेब." इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं. भकाभका धूर. बॅक कॉम्प्रेशन. पॉवर स्टेशनात जन्म गेला, एवढं कळतं.
त्याचं चालूच. 2027 चा सिंहस्थ येतोय, भाड्याने लावा, पैसे वसूल. पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी भाड्याला कशी लावायची, ते मात्र सांगेना.

12 जानेवारी
त्याला फोन केला. 1 एप्रिल 2023 पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, फॉर्म 29-बी. आहे का? हसला. "काका, मार्केटमध्ये असं कोणी विचारत नाही." गाडी नावावर करायचे फॉर्म 29 आणि 30 मूळ मालकाच्या सहीचे, कोरे आहेत म्हणे, नाव आपण टाकायचं. म्हणजे गाडी कागदावर अजून त्या पहिल्याचीच. उद्या हिने कोणाला उडवलं तर भरपाईसाठी आरसीवर नाव असलेल्यालाच धरतात, 2018 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. त्या माणसाला आपली गाडी कुठं उभी आहे हेही ठाऊक नसेल.
सोडली.

14 जानेवारी
संक्रांत. सगळ्यांचा एकच प्रश्न, गाडी घेतली का.

18 जानेवारी
सिन्नरकडची. मालक स्वतः सुतार. काम देखणं, कप्प्यांना सागाच्या पट्ट्या, ओट्याखाली सिलिंडरची जागा, तळाला गॅस निघून जायला जाळीसुद्धा. जाळीचं कोणालाच सुचत नाही. दर मागितला तोही वाजवी.
मी वाकून दाराजवळचं व्हिनाइल उचललं. खाली गंज नव्हता. पत्र्यात स्क्रूच्या भोकांच्या दोन लांब रांगा होत्या. मधलं अंतर स्ट्रेचरच्या चाकांएवढं.
"ॲम्ब्युलन्स होती का हो?"
"होती. पण इंजिन एकदम कडक."
सौ. पलंगावर बसली होती. उठली, खाली उतरली, चपला घातल्या. "मी नाही झोपायची यात."
आरसीवर अजून ॲम्ब्युलन्सच. आतून गाडी बदलायची तर आधी परवानगी लागते, मोटार वाहन कायद्याचं कलम 52. मोटर कॅरव्हॅनसाठी वेगळं मानक आहे, एआयएस-124. त्यातलं काहीच झालेलं नाही. उद्या काही झालं तर विमा कंपनीला हात वर करायला आयतं कारण. सुताराला हे सांगितलं. तो बराच वेळ त्या जाळीकडे बघत राहिला. चहा मात्र पाजलाच.

19 जानेवारी
दिवसभर त्या सुताराचं काम डोळ्यांपुढे. कागद नीट असते तर सौ.ची समजूत काढली असती.

22 जानेवारी
लेकीचा फोन. "बाबा, भाड्याने घेऊन फिरा की. राज्याने 2021 ला कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरणसुद्धा काढलंय." हिशेबाने तिचंच बरोबर. सौ. लगेच तयार. मी हो-नाही काहीच बोललो नाही.

1 फेब्रुवारी
चिंचवड. सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी. मुलगा दहावीला, दोन वर्षं बाहेर पडणं नाही, म्हणून विकतायत. आरसीवर स्वच्छ लिहिलंय, मोटर कॅरव्हॅन. तो शब्द बघूनच निम्मा जीव भांड्यात पडला.
थंड इंजिन. दुसऱ्या सेल्फला लागलं. झाकणाशी धूर नाही. पाटे ठीक. टायरची नक्षी नव्यासारखी, पण कडेला आकडा 3218, म्हणजे 2018 चा बत्तिसावा आठवडा. उभ्या गाडीचे टायर असेच फसवतात. सहाही बदलावे लागणार. आतली बॅटरी मेलेली. खिडकीखाली प्लायवूड फुगलेलं, अंगठा दाबला तर आत गेला. पाणी झिरपतंय.
सौ.ने संडासात जाऊन कडी लावून बघितली. बाहेर आली, म्हणाली, "घ्या."
मालकासमोर! आता भाव काय डोंबल करायचा.

2 फेब्रुवारी
आरटीओच्या ॲपवर चिंचवडच्या गाडीचा नंबर टाकला. बँकेचा बोजा अजून दिसतोय. मालक म्हणतात, कर्ज कधीच फिटलं, नाव काढायचं राहिलं. खरंही असेल.

5 फेब्रुवारी
अंगणातल्या स्कूटरवर बोट फिरवलं. राख. पॉवर स्टेशनचे 210 मेगावॉटचे संच चालू आहेत तोवर हे असंच. गाडीला कव्हर लागणार. टायर, बॅटरी, प्लायवूड, कव्हर. यादी वाढतेय.

8 फेब्रुवारी
पुन्हा चिंचवड. नऊ लाखांवरून आठ वीसवर आले. टायरचा आकडा दाखवला तेव्हा उतरले. माणूस भला. पन्नास हजार विसार दिला. पावतीवर त्यांच्याच हातून लिहून घेतलं, बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 जोडून बोजा उतरल्याशिवाय बाकी रक्कम देणे नाही. त्यांच्या मिसेस म्हणाल्या, "काका, विश्वास नाही का?" विश्वास आहे. पावतीही आहे.

15 फेब्रुवारी
महाशिवरात्र. उपास. बँकेकडून काही नाही.

19 फेब्रुवारी
सौ.ने दोन ताटल्या, एक कुकर, एक तवा वेगळा काढून ठेवलाय. मी बघितल्याचं दाखवलं नाही.

24 फेब्रुवारी
बँकेची एनओसी आली. 35 वर शिक्का आहे. 29 आणि 30 वर मालकांनी माझ्या देखत सह्या केल्या, माझं नाव आधीच भरलेलं. ॲपवर बोजा अजून दिसतो. तो जाईपर्यंत चेकबुक कपाटात.