सोवळं न पाळणारी पेटी

ती आली की दोघांनी धरूनच जिना चढवावी लागते. अंगानं भारी, पण स्वभावानं अबोल. दिवाणखान्यात टेकली, झाकण उघडलं, की आधी वास येतो: कागदाचा, आणि मागच्या घरातल्या उदबत्तीचा किंचितसा. पोटात पुस्तकं पंचवीस.

तिचं माहेर कुसुमाग्रज प्रतिष्ठान. विनायक रानडे यांनी २००९ मध्ये नाशकात ‘ग्रंथ तुमच्या दारी’ सुरू केलं आणि ही घराबाहेर पडली. १८४० पासून नाशिककर सार्वजनिक वाचनालयाच्या पायऱ्या चढत आलेत. हिच्यापायी पुस्तकंच जिने चढू लागली. पस्तीसेक वाचकांचा गट, गटाला एक पेटी. काही महिन्यांनी आपली दुसऱ्या गटाकडे, त्यांची आपल्याकडे. भिशीच ही, फक्त पैशांऐवजी पुस्तकं फिरतात. वाचणाऱ्याला वर्गणी नाही. कुणी वाढदिवसाला, कुणी आईवडिलांच्या स्मरणार्थ पैसे देतं आणि आणखी एक पेटी भरते. हिच्या बहिणी दुबईला, नेदरलँड्सला, जपानला नांदायला गेल्यात. काही तुरुंगातही गेल्या, गुन्हा न करता.

वाचनालयातल्या कपाटांना शिस्त असते: चरित्रं इकडे, कविता तिकडे. हिला ती ठाऊक नाही. हिच्यात पुस्तकं एसटीतल्या उतारूंसारखी बसतात, जागा मिळेल तशी. माडगूळकरांचा माणदेश नारळीकरांच्या अंतराळाला खेटून. त्यांच्या अंगावर रेललेलं मधुमेहाच्या पथ्याचं पुस्तक. खाली दबून एक अनुवादित रहस्यकथा, आणि कोपऱ्यात लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’.

मी एकपत्नीव्रती वाचक होतो. हातातलं संपल्याशिवाय दुसऱ्याला शिवायचं नाही. हिनं ते व्रत मोडलं. कारण सोपं होतं. ‘स्मृतिचित्रे’ अर्धं झालं आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा ते “दोन दिवसांसाठी” घेऊन गेले. रिकाम्या हाताला नारळीकर लागले. ते सत्तराव्या पानावर असताना आजोबा पुस्तक घेऊन हजर, आणि जाताना रहस्यकथा माझ्या हातात कोंबून, “खुनी कोण ते सांगणार नाही” म्हणाले. महिनाभरात माझ्या उशाशी चार पुस्तकं आणि चार खुणा: एक बसचं तिकीट, एक वाणसामानाची यादी, एक मोरपीस, एक औषधाच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट. तक्रार केली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, “जेवताना तू काय आधी सगळी कोशिंबीर संपवतोस?”

मग लक्षात आलं, पुस्तकं एकमेकांशी बोलू लागली होती. लक्ष्मीबाई आमच्याच गोदाकाठच्या, जलालपूरच्या. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानं वडिलांनी सोवळ्याचा असा ध्यास घेतला, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात जाईना. हे दुपारी वाचलं आणि रात्री नारळीकरांच्या गोष्टीत शिरलो. तिथला शास्त्रज्ञही पुराव्यानं धुऊन घेतल्याशिवाय काही आत घेत नव्हता. एक भीतीनं धुतो, एक कुतूहलानं. एकेकटं वाचलं असतं, तर हे दोघे माझ्या डोक्यात कधी समोरासमोर आले नसते. पथ्याच्या पुस्तकालाही मी तेव्हापासून जरा आदरानं वागवतो. तेही सोवळ्याचंच शास्त्र.

परवा पेटी निघाली. झाकणावरच्या यादीशी ताडून पुस्तकं मोजली. चोवीस. पंचविसावं, ‘स्मृतिचित्रे’, माझ्या उशीखाली, शेवटची चाळीस पानं राहिलेलं. काकूंनी हात पुढे केला. दिलं.

खुणेचं मोरपीस काढायला विसरलो, हे जिन्यात आठवलं. मग म्हटलं, राहू दे. लक्ष्मीबाई या खेपेला माडगूळकर आणि रहस्यकथा यांच्या मधे दाटीवाटीनं बसल्या होत्या. वडिलांनी अख्खी पेटी गोदावरीत बुचकळून काढली असती. बाई मात्र त्या घरातून निघून, पुढं नवऱ्याचा नवा धर्म स्वीकारेपर्यंत केवढी वाट चालल्या होत्या. शेजार बदलण्याची त्यांना सवय होती.